किसनमामाचा पह्यला घोट

झाडावरून उतरवलेल्या शिंदीचा द्रोण हातात आला का लोक पेतात. आमचा किसनमामा आधी पुसे, "घरी काय शिजलं?"

भरीत म्हनलं तं म्हने, ठेव खाली, या झाडाची नोको, नाल्याच्या पल्याडच्या झाडाची आन. जवसाची चटनी असली तं दिवस निंगाच्या आधी उतरवलेली, गोड, दुधावानी पांढरी. सुकट भाजली असन तं दुपारची, ऊन लागून आंबलेली, नाकात झिनझिन करनारी. अन् वरनभात असला तं म्हने, "पानी पे अन् झोप."

मामा माह्या मायचा सख्खा भाऊ. आसेगावात आमच्या घराच्या बाजूलेच एका खोलीत एकटा राहे. लगन केलंच नाई. जेवाच्या टायमाले कोनाच्या ना कोनाच्या वट्ट्यावर हजर. पळसाच्या पानाचा द्रोण नाकाखाली धरे, डोये मिटे, एक घोट तोंडात फिरवे, वरून भाकरीचा तुकडा. सारे त्याच्या तोंडाकडे पाहत बसत. जमलं तं म्हने, "पटलं दोघाईचं." नाई जमलं तं, "फारकत." फारकत म्हनलं का मडकं वापस. एकदा पाटलाच्या घरी सारे वा वा करून राह्यले होते अन् मामानं द्रोण खाली ठेवून फारकत सांगतली. पाटील सा महिने त्याच्याशी बोलला नाई. मामा म्हने, न बोलो, जिभेले खोटं शिकवलं का थे मंग मिठाचंबी खोटं सांगते.

मीबी त्याच्याजोळ शिकाले बसलो. डोये मिटले, घोट फिरवला, अन् मोठ्या ऐटीत सांगतलं, आंबट हाय. मामा म्हने, "लेका, तू आत्ता बोरं खाल्ली, थे बोरं हायेत."

पह्यल्या निवडनुकीच्या हिवाळ्यात मले पसंत कराले मंगरूळहून पोरीचा बाप येनार होता. गडी पक्का खानारा-पेनारा. त्याच्या आधी माही बात दोनदा मोडली होती. एका ठिकानी मी बोललो म्हनून, दुसऱ्या ठिकानी हसलो म्हनून. मायनं बजावलं, या खेपी फक्त बस. ही बात गेली तं चवथा कोनी येनार नाई, हे तिले ठाव होतं, मलेबी.

मायनं गोवऱ्याईवर भाजलेले रोडगे अन् वांग्याची भाजी ठरवली. मामा असा हरखला जसं त्याचंच लगन हाय. "रोडग्याले नाल्यावरच्या वाकड्या झाडाची. ऊन लागाच्या आधी ओल्या फडक्यात गुंडाळून आन. मंधात तोंड लावू नोको."

नाल्यावरून भरलं मडकं घेऊन मी घराकडे निंगालो. थंडी कडाक्याची, फेस वर येऊन राह्यलेला. म्हनलं, मामावानी पारख करून पाहू. एक घोट घेतला. बरा लागला, म्हनून खातरी कराले दुसरा. गावाजोळ पोचलो तं मडकं अर्धं. मंग मी डोकं चालवलं. शिंदी पांढरी, ताकबी पांढरं. मावशीच्या घरून ताक घेतलं, मडकं गच्च भरलं, चांगलं हलवलं. माह्या डोयाले तं काईच फरक दिसत नवता. त्या डोयानं मी बैलबी दोनदा चुकीचा घेतला होता.

पाहुने बसले. रोडग्यावर तूप सुटलं, द्रोण भरले. पोरीच्या बापानं मामाचं नाव मंगरुळातच आयकलं होतं. थो म्हने, पह्यला घोट तुमी घ्या, मंग आमी.

मामानं द्रोण नाकाखाली धरला. डोये मिटाच्या आयवजी माह्याकडे पाह्यलं. मी रोडग्याकडे पाह्यलं. मामानं घोट घेतला, तोंडात फिरवला, लय येळ फिरवला. माय दारात पदर मुठीत धरून उभी होती. मी मनातल्या मनात तिसरी बात मोडून टाकली.

मामानं घोट गियला.

"पटलं दोघाईचं," थो म्हने.

पोरीच्या बापानं तोंड जरा वाकडं केलं, पन पारख्यापुढं कोन बोलते? त्यानं तीन द्रोण पेले. वरून इचारलं, कोन्या झाडाची म्हनावं ही?

"वाकड्या," मामा म्हने, अन् पुन्हा माह्याकडे पाह्यलं.

पसंती झाली. पाहुने मंगरूळच्या मोटारीत बसले अन् मी धावतच मामाकडे गेलो. थो खोलीमांगं चुळा भरून राह्यला होता. तांब्या रिकामा झाला तरी थुकतच होता. मी इचारलं, "मामा, तू खोटं काहून बोलला?"

"मी तुह्याएवढा होतो," थो म्हने. "मलेबी पाहाले आले होते. पोरीच्या बापानं संगं आनलेली शिंदी हौसेनं पाजली. मी म्हनलो, फारकत."

"मंग?"

"मंग काय. थे खरं होतं."

मी खोलीत तांब्या ठेवाले गेलो. चुलीवर पोतं अन् जुना कंदील ठेवला होता. मी भायेर आलो तं मामानं तोंड पुसलं अन् नेहमीवानी इचारलं, "सांजी काय शिजते घरी?"

कोन्या झाडाची आनू, हे मी पह्यल्यांदाच पुसलं नाई. म्हनलं, "चाल, जेवाले."