वसंत ऋतूचे मंजूर पत्रक

अध्यक्षावाचून समारंभ होत नाही, हे सत्य मानवजातीला फार पूर्वीच कळायला हवे होते. चांदा जिल्ह्याच्या झाडीपट्टीला ते सत्तावन्न साली कळले, आणि कळवण्याचे पुण्यकर्म आमच्या विकास खंड कार्यालयाने केले. त्याआधी इथले लोक शिवरात्रीची जत्रा, होळी, रात्रभराचा दंडारीचा खेळ, बैलजोड्यांच्या शर्यतीचा शंकरपट, असले काय वाटेल ते सरळ सुरू करून टाकत. (आणि संपवतही. आभारप्रदर्शन नाही.) अशा परिस्थितीत त्यांना इतकी वर्षे मजा कशी येत होती, याचा खुलासा एकाही फायलीत सापडत नाही.

म्हणून साहेबांनी वसंत ऋतूतील समस्त कार्यक्रमांचे एकच पत्रक काढायचे ठरवले. संकलनाचे काम वरिष्ठ कारकून म्हणून माझ्याकडे आले. आकडेवारी अशी: गावे ४१, अध्यक्ष १ (साहेब), जीप १, चालू स्थितीतली जीप सरासरी ०.६. आता एवढ्यावरून तारखा कशा ठरवायच्या हे शेंबडे पोरही सांगेल. जीप ज्या दिवशी रिकामी, त्या दिवशी सण.

होळीने थोडा त्रास दिला. साहेबांच्या हस्ते एका संध्याकाळी दोनच होळ्या पेटू शकतात. तेव्हा दोन गावांना पौर्णिमा दिली आणि बाकीच्यांना पर्यायी पौर्णिमा. (चंद्र आमच्या खंडाच्या हद्दीत राहत नसल्याने त्याच्याशी पत्रव्यवहार केला नाही.) फाल्गुन-चैत्रात सगळे मावेना, म्हणून वसंत ऋतूला मेअखेरपर्यंत मुदतवाढ दिली.

पत्रक चांद्याच्या गुलाम रसूल यांनी छापले. ‘अध्यक्ष’ इतक्या वेळा जुळवावे लागले की छापखान्यातले ‘ध्य’चे खिळे झिजले, अशी त्यांची तक्रार होती. त्यात त्यांनी चुकून दोनशे प्रती जास्त काढल्या. आम्ही त्या घेतल्या नाहीत.

पत्रक आठवडी बाजारात चिकटवले तेव्हा ही गर्दी! पण तारीख कोणी वाचेल तर शपथ. जो तो स्वागत समितीच्या यादीवर बोट फिरवून आपले नाव कितवे आहे ते पाहत होता. तारीख वाचली ती एकट्याने, कुकडटोल्याच्या मुखरूने. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराण्याकडे गावच्या पटाचा मान. तो तसाच कार्यालयात आला.

“बाबूसाहेब, आमचा पट फागुन पंचमीचा जी. बापजाद्यापासून. तुमी अक्षय तृतीयेले काऊन टाकला?”

“त्याआधी जीप रिकामी नाही.”

“जीप पळते का पटात? बैल पळतेत ना जी!”

ही मी तांत्रिक हरकत म्हणून नोंदवून घेतली. पण मुखरूचे खरे दुखणे वेगळेच होते.

“माही कमळी लगनाची झाली, बाबूसाहेब. वैनगंगेपल्याडचे भैयाजी पोराले घेऊन पंचमीले पट पाह्यले येतेत. तवाच पोरगी पाहून हो का नाई सांगतो म्हणले. पट नाई, त येतीन कशाले? दुसरी एक पोरगी बी पाहून ठेवली हाय त्याइनं. माह्या पोरीचं कसं होईन?”

मला भरून आले. मी त्याला एक फॉर्म दिला.

‘कार्यक्रमाचा उद्देश’ या रकान्यात त्याने प्रामाणिकपणे ‘सोयरीक’ लिहिले. साहेबांनी त्यावर शेरा मारला, “सोयरीक हा विषय या खात्याकडे नाही. अध्यक्षावाचून पट नाही.” मुखरूने शेऱ्यातल्या ‘अध्यक्षा’वर बोट ठेवले. मग म्हणाला, “अध्यक्ष म्हंजे सायेबच पायजे का जी?”

मी अध्यक्षांविषयीचे परिपत्रक उलटेपालटे केले. दुर्दैवाने तसे कुठेच लिहिलेले नव्हते. “तसं काही नाही,” असे मी बोलून गेलो. अकरा वर्षांच्या नोकरीत तोंडून खरे निसटण्याचा हा पहिलाच प्रसंग.

पुढचे मला कुकडटोल्याच्या कोतवालाने सांगितले. पंचमीला भैयाजी आपली जोडी हाकणाऱ्या पोरासह नदी उतरून पटावर आले, तर धानाच्या रिकाम्या बांधीत शाळेची खुर्ची मांडलेली. मुखरूने त्यांना त्यात बसवले, गळ्यात पळसफुलांचा हार घातला. जन्मात खुर्ची न पाहिलेला माणूस तो! जोडी सुटायच्या आधी सारा गाव ओरडे, “अध्यक्षसाहेब, सोडू का जी?” आणि भैयाजी हात वर करून म्हणत, “मंजूर!” अशा तेवीस जोड्या सुटल्या. उन्हे कलेपर्यंत भैयाजींची जीभ ‘मंजूर’ला पुरती सरावली. तेवढ्यात कमळा पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली आणि मुखरूने त्याच सुरात विचारले, “अध्यक्षसाहेब, पोरगी पसंत हाय का जी?”

“मंजूर!”

टाळ्या पडल्या. खुर्चीतला शब्द परत घेतात थोडाच? कोणी कमळालाही विचारले, बाई, तुले कसं वाटते? ती म्हणाली, “माहं त कवाचं पाहून झालं. बैल चांगले हाकलते त्याइचा पोरगा.”

आमच्या दप्तरी मात्र हा पट झालेला नाही. सबब सोयरीकही झालेली नाही.

तरी लग्न निघाले. मुहूर्त अक्षय तृतीयेचा, आणि वऱ्हाड पल्याड न्यायचे. गुलाम रसूलमियांनी त्या दोनशे प्रतींच्या कोऱ्या बाजूवर लग्नपत्रिका छापून दिल्या. एक माझ्याकडेही आली. एका बाजूला सरकारी वसंत, दुसऱ्या बाजूला कमळाचे लग्न. मी ती दोनदा वाचली. ‘आपले नम्र’च्या खाली बारा नावे होती. कोतवालाचे होते. पटात पहिल्या आलेल्या दोन्ही बैलांची होती. माझे नव्हते. मला वाईट वाटले, उगाच का खोटे बोलू? ज्या पोरीपायी मी नोकरीत खरे बोललो, तिच्या पत्रिकेत मला बैलाइतकीही जागा नसावी?

मी लग्नाला गेलो नाही. त्याच दिवशी साहेबांबरोबर जीपमध्ये बसून मंजूर पटाला गेलो. त्या पत्रकात तळाशी ‘संकलक’ म्हणून माझे नाव होते.

कुकडटोला ओस. माणसे सारी वऱ्हाडात, बैल सारे वऱ्हाडाच्या गाड्यांना. घरे राखायला म्हातारी रुखमाबाई आणि दोन कुत्री तेवढी उरली होती. साहेबांनी रणरणत्या उन्हात ‘बैलाचे राष्ट्रीय महत्त्व’ यावर सव्वा तास भाषण केले. मी आभार मानले. रुखमाबाई जवळ येऊन म्हणाली, “लगन त पल्याड हाय बाबू. तुमी इथी काऊन बसले?” हा प्रश्न विषयपत्रिकेत नव्हता.

अहवाल गेला: शंकरपट उत्साहात पार पडला, उपस्थिती शंभर टक्के (उपलब्ध ग्रामस्थांची). बैल नसल्याने कार्यक्रमात काहीच कमी पडले नाही, असे आढळल्यावरून पुढील वर्षी पटातून बैल वगळण्याची शिफारस केली आहे.

हसा, खुशाल हसा. पण तुमच्या घरी परवा कुणाची तरी लग्नपत्रिका आली, तेव्हा नजर आधी कुठे गेली हो? नवरीच्या नावावर, की खालच्या यादीवर? आणि यादीत आपले नाव नाही म्हटल्यावर ‘अंगात कसकस आहे’ म्हणून घरीच बसलात ना? मग या की. जीपमध्ये मागे जागा आहे.