सामान्य कुवतीचा माणूस

ग्रॅहम व्हिटलॉकने लिहिलेलं आजवर कुणालाही कळलं नव्हतं, आणि याचा त्याला मनापासून अभिमान होता! अमेरिकेतल्या अलेक्झांड्रिया शहरातल्या 'हॅलोवे अँड पेंड्री' या पेटंट आणि ट्रेडमार्कवाल्या वकिलांच्या फर्ममध्ये त्याने अकरा वर्षं काढली होती. जे कळतं त्यावर समोरचा भांडू शकतो, हे त्याचं तत्त्व. अशील 'काठी' म्हणाला की व्हिटलॉक लिहायचा, 'रुंदीपेक्षा लांबी अधिक असलेला किमान एक आधारदायी घटक'. अर्ज वाचून अशील फोन करायचे, की चुकून दुसऱ्या कुणाचे कागद आमच्याकडे आलेत. असा फोन आला की व्हिटलॉकचा दिवस चांगला जायचा.

एप्रिलमध्ये वरिष्ठ भागीदार मिस्टर पेंड्रींनी त्याला बोलावून सांगितलं, की माझ्या थोरल्या बहिणीचं पेटंट मिळवून दे, तुला भागीदार करून घेतो. फर्मच्या कागदांवर तुझं नाव येईल. व्हिटलॉकने ही बातमी त्याच दिवशी बायकोला आणि दुसऱ्या दिवशी सासूला कळवली. सासूचा फोन त्याने फार सावकाश, चवीचवीने केला.

ही थोरली बहीण म्हणजे इंडियानाच्या मिसेस स्टॅल्कप, वय अठ्ठ्याहत्तर. खारींशी त्यांचं वीस वर्षांचं वैर होतं. त्यांनी पाखरांना दाणे ठेवायचा एक डबा बनवला होता. पाखरू बसलं तर दाणे खुले. खार बसली, की तिच्या वजनाने दांडी खाली जाणार आणि दाण्यांच्या तोंडावर पडदी सरकणार. सात सुटे भाग, त्यातली एक स्प्रिंग. व्हिटलॉकने त्याचं वर्णन एकतीस पानांत केलं.

पेटंट ऑफिसातल्या परीक्षक मिस त्रान यांचं म्हणणं मात्र थोडक्यात होतं. एक, या वर्णनावरून सामान्य कुवतीच्या माणसाला ही वस्तू बनवता येणार नाही. दोन, वस्तू इतकी सरळ आहे, की ती त्याला आपली आपणच सुचली असती. पेटंटच्या कायद्यात हा सामान्य कुवतीचा माणूस पदोपदी भेटतो. त्या त्या विषयाचं शिक्षण असलेला, पण डोक्यात काही विशेष चमक नसलेला, असा हा कल्पित गृहस्थ. त्याला वर्णन वाचून वस्तू बनवता आली पाहिजे, पण वर्णनाशिवाय ती सुचता कामा नये.

व्हिटलॉकने भेटीची वेळ मागून घेतली. बेत सोपा होता. सातही भाग खोक्यात घालून न्यायचे आणि आपलं वर्णन वाचत पाच मिनिटांत परीक्षकांसमोर डबा उभा करायचा! त्याची सेक्रेटरी रोझलिन म्हणाली, की एकदा इथे जुळवून बघू या का. स्वतः लिहिलेल्याची तालीम करायची नसते, असं त्याने तिला समजावलं.

मंगळवारी सकाळी दहाला सगळे मिस त्रान यांच्यासमोर बसले. रोझलिनने खोकं आणलं होतं आणि मिसेस स्टॅल्कपनी सूर्यफुलाच्या बिया. बोलायचं नाही आणि कशाला हात लावायचा नाही, अशी व्हिटलॉकने त्यांना सक्त ताकीद दिली होती. भेटीत जे होईल ते परीक्षकांना लिहून फायलीत लावावं लागतं, म्हणून मिस त्रान कीबोर्डवर बोटं ठेवून तयार होत्या.

व्हिटलॉकने डब्यात बिया भरल्या आणि वाचायला सुरुवात केली. 'पहिला घटक दुसऱ्या घटकाशी लवचीकपणे संलग्न असून तिसरा घटक त्यांपैकी किमान एकास सापेक्ष आहे.' तो थांबला. पुन्हा वाचलं. मग समोरच्या सात वस्तूंकडे त्याने असं पाहिलं, जणू त्यांच्यातलं कुणीतरी पुढे होऊन ओळख देईल.

विसाव्या मिनिटाला त्याने कोट काढला. तिसाव्या मिनिटाला स्प्रिंग सुटली, झाकण उडालं आणि मूठभर बिया मिस त्रान यांच्या कीबोर्डमध्ये गेल्या. पन्नासाव्या मिनिटाला घामाघूम होऊन तो बाजूला झाला. काहीतरी उभं राहिलं होतं खरं. दांडी वरच्या बाजूला, पडदी उभी, दाण्यांचं तोंड सताड उघडं.

"अरे बाळा," मिसेस स्टॅल्कपना राहवेना, "ही तर खारीची आरामखुर्ची झाली. टेकायला पाठसुद्धा केलीस."

तोवर रोझलिनने कीबोर्डमधल्या बिया वेचून काढल्या होत्या. तिने ते प्रकरण जवळ ओढलं, सोडवलं आणि मिनिटभरात डबा जुळवून टेबलावर ठेवला. कागदाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

व्हिटलॉकच्या जिवात जीव आला. माझ्या वर्णनावरून एका साध्या सेक्रेटरीने वस्तू बनवली, याची नोंद व्हावी, असं तो घाईघाईने म्हणाला.

"तुम्ही वर्णन वाचलंय?" मिस त्राननी रोझलिनला विचारलं.

"टाइप केलंय," रोझलिन म्हणाली. "वाचायची सक्ती नाहीये आमच्याकडे."

"मग जमलं कसं?"

"त्यात काय जमायचंय? स्प्रिंग दुसरीकडे कुठे बसतच नाही."

व्हिटलॉकने टेबलाखालून तिला लाथ मारली. ती मिसेस स्टॅल्कपना लागली. वर्णन लागलं नाही आणि वस्तू आपली आपणच सुचली, म्हणजे दोन्ही आक्षेप खरे ठरले होते! आता एकच वाट उरली होती. रोझलिन सामान्य नाहीच, हे सिद्ध करायचं. तो उभा राहिला आणि पुढची दहा मिनिटं त्याने तिची अशी थोरवी गायली, जशी अकरा वर्षांत एकदाही गायली नव्हती. ती झेरॉक्सचं मशीन चमच्याने दुरुस्त करते. तिजोरीची किल्ली हरवली तर तिला बोलावतात.

"त्यांच्याबद्दल तुमचं नुसतं मत आहे," मिस त्रान शांतपणे म्हणाल्या. "तुमच्याबद्दल माझ्याकडे पुरावा आहे. तुमची पदवी कशातली?"

"यंत्रशास्त्रातली."

"म्हणजे शिक्षण पुरेसं आहे. सगळे भाग हातात असून पन्नास मिनिटांत तुम्हाला ही रचना सुचली नाही. तुम्ही स्वतः सामान्य कुवतीचे आहात, एवढं सही करून द्या. दुसरा आक्षेप मी मागे घेते. पहिल्यासाठी वर्णन या बाईंच्या शब्दांत पुन्हा लिहून आणा."

व्हिटलॉकने खिडकीबाहेर पाहिलं, मिसेस स्टॅल्कपकडे पाहिलं, आणि कागदांवर छापलेलं आपलं नाव डोळ्यांपुढे आणून सही केली.

रोझलिनचं वर्णन दीड पानात संपलं. पेटंट मिळालं. भागीदारांच्या बैठकीत मिस्टर पेंड्रींनी व्हिटलॉकचं तोंडभर कौतुक केलं, आणि मग फायलीतला एक कागद हळूच त्याच्यापुढे सरकवला.

"तुझ्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे, ग्रॅहम," ते म्हणाले. "म्हणून तू सही करून जे लिहून दिलंस, तेही आम्हाला मानावंच लागतंय. नावाचं पुढच्या वर्षी बघू."

मिसेस स्टॅल्कपनी आठवण म्हणून त्याला एक डबा पाठवला. सात सुटे भाग, आणि जुळवायची माहिती म्हणून त्याचीच एकतीस पानं. व्हिटलॉकने एका रविवारी तो परसात उभा केला. खार रोज सकाळी येते, पाठीला टेकून बसते आणि निवांत बिया खाते. सासूबाईंना तो सांगतो, की मुळात वस्तू अशीच आहे.