युसूफचाचांची थंड खोली

आमचे शेजारी युसूफचाचा बॅटरी टरबुजासारखी निवडायचे. आधी थोपटायची, मग कान लावायचा, शेवटी हुंगायची. अमरावतीतले सारे दुकानदार दमवून झाल्यावर मला घेऊन त्यांनी अकोला गाठलं. तिथल्या दुकानदारानं हात जोडले, "चाचा, हे फळ नोहे!"

"त मंग पिकली का कच्ची, कसं समजन?"

चाचांचं वलगावात कापडाचं दुकान. कापसानं लागोपाठ दगा दिलेली ती वर्षं. दुकानात गिऱ्हाईक कमी, वीज त्याहून कमी. घराच्या छतावर सोलर बसलं, पण बॅटरीवर चाचा अडले होते.

"पान्याचीच घ्या," दुकानदार म्हणाला. "स्वस्त पडते. मधून मधून पानी टाका, हवा खेळती ठेवा. चार्जिंगच्या टायमाले थोडा वास येते, बस."

"वास?" चाचा ताडकन उठले. "लिथियम द्या."

"महाग पडन. अन् तिले गरमी चालत नाही, थंड जागा लागते."

"जागा मी देतो. तुमी काहून रडून राह्यले?"

परतीच्या बसमध्ये चाचा म्हणाले, "चाचीले दमा हाय ना. लोबानचा धूरबी सोसत नाही तिले. मागच्या उन्हाळ्यात लाइन गेली, वाफेची मशीन बंद पडली... स्कूटरवर मांगं बसवून नेलं दवाखान्यात. रस्ताभर माह्या पाठीवर तिचा श्वास आयकत होतो. आता पुन्हा तसं नाही होऊ देनार."

घरातली सगळ्यात थंड खोली चाचांची. ती बॅटरीला मिळाली आणि चाचांची खाट ओसरीवर आली. चाची गल्लीभर सांगत सुटली, "बुढ्यानं सवत आनली माह्या घरी! अन् सोता बाहेर झोपते!"

मे महिन्यात एका दुपारी वीज गेली. चाचीचा खोकला ऐकून मी धावत गेलो. आत वाफेची मशीन घुर्रऽ करत होती. तोंडाला मास्क लावून चाची निवांत टेकली होती. तिच्या डोक्यावर पंखा फिरत होता. बाकी घरातली सगळी बटणं बंद. ओसरीवर, घामानं भिजलेल्या बनियनमध्ये चाचा पुठ्ठ्यानं वारा घेत बसले होते.

"चाचा, तुमचा पंखा?"

"मले नाही लागत गरमी," ते म्हणाले आणि कपाळावरचा घाम घाईघाईनं पुसला. "हळू बोल. आता कुठं बरं वाटून राह्यलं तिले."