काठोकाठ चहा

"आज उड्याबिड्या काही नाहीत," सासूबाई बुरुल अपांनी सुनेच्या हातातली दोरी काढून घेतली आणि पिठाच्या पिंपामागे टाकली. "चार वाजता पाहुणे येतायत. अंगणात सून नाचताना दिसली तर गाडीतूनच परत जातील."

"अपा, अर्धाच तास. आज माझा सव्विसावा दिवस आहे."

"दिवस मोजायला तू काय तुरुंगात आहेस?"

 डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून सायकाल पाच महिने एक वही लिहीत होती: पाळीचा दिवस कितवा, मन कसं, व्यायाम झाला का. पाळीआधीचे चार-पाच दिवस तिला भांड्याचा आवाजही डोक्यात जाई. घाम निघेपर्यंत दोरीवर उड्या मारल्या की राग संपत नसे, पण ताब्यात राही. या खेपेला घर आवरण्याच्या नादात तीन दिवस दोरीला हात लागला नव्हता.

"जेंगे, आज सांभाळून घे हं," नणंद मीरगुल वहिनीच्या कानाशी लागली. "कुबात मला खरंच आवडतो. त्याच्या आईनं लग्नाला मान डोलावली की झालं."

सायकालनं सांभाळायचं ठरवलं. पण बोर्सोकचा, चहाबरोबरच्या तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, पहिला घाणा करपला. दुसरा घाईनं काढला, तो आतून कच्चा राहिला. किटलीचं झाकण सापडेना तेव्हा तिला रडू आलं. सापडलं तेव्हा आणखी आलं.

कुबातची आई तुर्सुनाय नवऱ्याला आणि मुलाला घेऊन चारच्या ठोक्याला आली. चहा ओतणं हे सुनेचं काम. आमच्या तोकमोक गावात पाच वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं, की वाटी अर्धीच भरायची. अर्धी वाटी म्हणजे बसा, पुन्हा देते. काठोकाठ वाटी म्हणजे प्या आणि चालू लागा.

"बोर्सोक जरा करपलेत का?" तुर्सुनाय म्हणाली.

सायकालनं अर्धी वाटी दिली.

"हा मात्र कच्चा आहे."

सायकालनं पुन्हा अर्धी दिली. 

"सूनबाई रडलीय वाटतं. घरात काही भांडण?"

किटली वाकली ती वाकलीच. वाटी काठापर्यंत भरली, वर चहाचा फुगवटा आला आणि एक थेंब खाली अंथरलेल्या चादरीवर ओघळला.

 मीरगुलचा चेहरा चादरीसारखा पांढरा झाला. कुबात दाराशी काढलेल्या बुटांकडे बघू लागला.

"ती... ती वाटी माझी!" बुरुल अपांनी झडप घातली. अर्धा चहा तुर्सुनायच्या नव्या मखमली झग्यावर गेला.

तुर्सुनाय उठली. तिचा नवराही उठला. मीरगुलनं वहिनीकडे एकदाच पाहिलं, आणि सायकालला ते सहन झालं नाही.

"काकू, मीरगुलची काही चूक नाही. चूक माझी आहे. आज माझा सव्विसावा दिवस आहे आणि तीन दिवस दोरीवर उड्या मारलेल्या नाहीत."

सासरे छताकडे पाहू लागले. बुरुल अपांनी डोळे मिटले.

तुर्सुनाय झगा झटकत थांबली. "तीन दिवस?"

"तीन."

"आणि एवढं होऊन तू किटली फेकली नाहीस?" ती बुरुल अपांकडे वळली. "माझी थोरली सून अशीच पहाटे पळत सुटायची. मला वाटलं, कुणाला भेटते. पाठलाग केला, तर ती मैदानाला फेऱ्या मारत होती. चार दिवस पाठलाग केला आणि माझीच झोप सुधारली! दोरी कुठाय?"

"पिठाच्या पिंपामागे," बुरुल अपा पुटपुटल्या.

अर्धा तास अंगणात चारही बायका आळीपाळीनं उड्या मारत होत्या. बुरुल अपांनी सात मारल्या आणि दहा सांगितल्या. घामाघूम होऊन सगळ्या हसत आत आल्या.

बायका दमून येतील म्हणून सासऱ्यांनी जन्मात पहिल्यांदा किटली उचलली होती. चादरीवर चार वाट्या मांडलेल्या होत्या. चारही काठोकाठ.

तुर्सुनायनं वाट्यांकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. ऐसपैस मांडी घालून ती खाली बसली आणि बुरुल अपांना विचारलं,

"विहीणबाई, यांचा आज कितवा दिवस?"