शांत खोलीसाठी जनरेटर

मोहाडीच्या एका वाचनालयाने स्वमग्न व्यक्तींचे अनुभव ऐकून घेण्याचा कार्यक्रम ठरवला, आणि ऐकून घेण्याची पूर्वतयारी म्हणून सर्वप्रथम दोन कर्णे भाड्याने आणले.

बोलणार होती रीता. स्वतः स्वमग्न, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, आणि खरं बोलण्याबद्दल गावात बदनाम. भाषणात तिला एकच गोष्ट मागायची होती. गोंगाटाने डोकं फाटायला लागलं की ती वाचनालयाच्या मागच्या खोलीत जाऊन बसे. गावात तेवढीच एक शांत जागा. आता समिती तिथे सत्काराच्या शाली आणि नारळ ठेवणार होती.

आदल्या दिवशी अध्यक्ष भय्याजी तिच्या घरी आले. "पोरी, तुले काय त्रास होते ते बिनधास्त सांग. आम्ही समावेशक आहोत."

"सभागृहातली ट्यूबलाइट लपलप करते अन् गुणगुणते. डोक्यात खिळे ठोकल्यावानी वाटते. तेवढी बदला."

"बस? एवढंच?" भय्याजी हिरमुसले. "अजून काही सांग न व!"

"मले अंगाले हात लावलेला चालत नाही."

भय्याजी खूश झाले. दोन मुद्दे म्हणजे बैठक बोलावता येते.

बैठकीत असं निदर्शनास आलं की ट्यूब बदलण्याची तरतूद नाही, काढण्याची आहे. सबब ट्यूब काढण्यात आली. अंधारात पाहुण्यांचे फोटो निघणार नाहीत, सबब हॅलोजन लावण्यात आले. हॅलोजनच्या भाराने फ्यूज उडाला, सबब जनरेटर मागवण्यात आला. जनरेटरच्या धडधडीत भाषणं ऐकू येईनात, सबब दोनाचे आठ कर्णे झाले. एवढ्या आवाजात शांतता राखणं सोपं नाही, सबब सूत्रसंचालक सचिनने दर दोन वाक्यांनंतर आठही कर्ण्यांतून "शांतताऽऽ" असं ओरडावं, असं एकमताने ठरलं.

कार्यक्रमात हात न लावण्याचा मुद्दाही काटेकोरपणे पाळला गेला. आंबे तोडायच्या बांबूला हार अडकवून तो लांबून रीताच्या गळ्यात घालण्यात आला. पहिल्या खेपेला तो भय्याजींच्याच गळ्यात पडला. त्यांनी नम्रपणे स्वीकारला.

"माय, मी मागच्या खोलीत जाऊ?" कानांवर हात दाबून रीताने विचारलं.

"बोलून जा व," तिची आई सत्यभामाबाई म्हणाल्या. "नाही बोलली तं उद्यापासून तिथं नारळ बसतीन."

मग पाहुणे बोलले. स्वमग्नतेवर बोलताना प्रत्येक जण स्वतःबद्दलच बोलला. शेवटी सचिनने जाहीर केलं, "वेळेअभावी रीताताई आपले अनुभव अध्यक्षांच्या तोंडून मांडतील!"

भय्याजी खाकरले, आणि जनरेटरचं डिझेल संपलं.

अंधार. शांतता. सगळ्या सभागृहाने एकदम "हुश्श" केलं. मागून कोणी तरी म्हणालं, "किती बरं वाटलं बापा!"

"हेच!" रीता उठली. "आता तुम्हाले वाटलं न, तसं मले त्या खोलीत वाटते. मले तुमच्यात राहाचं आहे. तुम्ही चांगले आहा, फक्त लय आवाज करता. थकली का बसाले तेवढी जागा राहू द्या. नारळाले गोंगाटाचा त्रास होत नाही. तो कुठंही राहते."

सभागृह हसलं. अगदी हळू हसलं, तिच्यासाठी म्हणून.

"अन् टाळ्या नोको. पटलं असंन तं हात हलवा."

झाडून सगळ्यांनी हात हलवले. पण अंधारात हललेले हात कोणाला दिसणार? शेजारच्याला आपण कठोर काळजाचे वाटलो तर? सबब पहिली टाळी वाजली. मग शिट्ट्या. मग कोणी तरी बाक बडवला.

रीता मागच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली.

"कोण?"

"मी, भय्याजी." आवाज रडवेला झाला होता. "डोकं फुटून राहिलं व पोरी. जागा आहे का?"

"आहे. पण बोलाचं नाही."

"नाही बोलत."

"अन् नारळ?"

"माह्या घरी ठेवतो. आधी दार उघड!"

तिने दार उघडलं. भय्याजी गळ्यातल्या हारासकट आत शिरले आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले.

बाहेर टाळ्या चालूच होत्या. आधी थांबेल तो असंवेदनशील ठरला असता. आपण सगळे तिथेच तर होतो. तळहात पाहून घ्या, अजून लाल असतील.