डिकीतला कर्णा

"या कामाला मिस्त्री लागत न्हाय, नबीसाब. डोकं लागतं, आणि ते आमच्याकडं हाय की," असं म्हणून शरणप्पांनी अँप्लिफायर काखेत मारला आणि नबीसाबांच्या दुकानाची पायरी उतरले.

शरणप्पा सोलापूरच्या बाजारातले डाळीचे व्यापारी. पण डाळ विकणं हा त्यांचा नाइलाज होता. खरा जीव दुरुस्तीत. घरातला छताचा पंखा त्यांनी स्वतः खोलून जोडला होता, आणि तेव्हापासून तो उलटा फिरून सगळा वारा छताला घालत होता. कुणी कुरकुर केली की शरणप्पा समजावून सांगत, उन्हाळ्यात आधी छत गार व्हायला पाहिजे, माणसं काय, आपोआप होतात.

नुकत्याच निवडणुका होऊन गेल्या होत्या. प्रचाराच्या जीपगाड्यांवर महिनाभर बोंबलून दमलेली यंत्रं नबीसाबांच्या मंडप-लाउडस्पीकरच्या दुकानात परत येऊन पडली होती. त्यातलाच हा एक संच. गाडीच्या बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर आणि पत्र्याचा एक भलामोठा कर्णा. शरणप्पांच्या अँबॅसडरमध्ये रेडिओ होता, पण गाडीबरोबर आलेला स्पीकर इतका अशक्त होता, की गाणारी बाई बहुतेक चाकाखाली सापडलीय असं वाटायचं. नबीसाब म्हणाले होते, मी येतो, बसवून देतो, गाडीत कर्णा नको, चांगले दोन गोल स्पीकर मागं लावू. शरणप्पांनी ते हसण्यावारी नेलं.

रविवारी सकाळी अंगणात काम सुरू झालं. शरणप्पांचा सिद्धान्त असा, की डिकी ही एक मोठी पोकळ पेटी. तबला पोकळ, मृदंग पोकळ. तेव्हा कर्णा डिकीत ठेवला की आवाज त्या पेटीत घुमणार आणि मागच्या सीटमधून गाळून, मऊ होऊन पुढं येणार. त्यांची बायको रुद्राणी तांदूळ निवडत बसली होती. ती एवढंच म्हणाली, की डिकीचं झाकण काही लागत नाही.

लागत नव्हतंच. कर्ण्याचं तोंड वीतभर बाहेर उरत होतं. शरणप्पांनी झाकण सुतळीनं बांधलं आणि आवाजालाही श्वास घ्यायला जागा हवी, असं सांगितलं.

अँप्लिफायर त्यांनी पुढच्या सीटखाली सरकवला. कर्ण्याची वायर एका भोकात घातली. दुसरं एक भोक रिकामं दिसत होतं. त्यावर कधीकाळी काहीतरी लिहिलेलं होतं, पण प्रचाराच्या धुळीत ते पुसून गेलं होतं. समोरचा जुना स्पीकर काढून फेकायचं शरणप्पांच्या जिवावर आलं. राहू दे, मोठा आवाज मागून, बारीक आवाज पुढून, असा विचार करून त्यांनी त्याची वायर रेडिओपासून तोडली आणि त्या रिकाम्या भोकात जोडून टाकली. शेवटी एक वायर उरली. त्यांच्या प्रत्येक दुरुस्तीत काहीतरी उरायचंच. तिला चिकटपट्टी गुंडाळून त्यांनी ती आत कोंबली. ती रेडिओची होती.

बटण दाबल्यावर कर्ण्यातून खर्र झालं आणि एक लांब शिट्टी ऐकू आली. गाणं मात्र नाही. शरणप्पांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. या वेळेला रेडिओ केंद्र बंदच असतं, असं त्यांनी जाहीर केलं, शिट्टी थांबेपर्यंत एक बटण जरा मागं फिरवलं आणि हात धुवायला गेले.

त्याच दिवशी संध्याकाळी होटगीला जायचं होतं. रुद्राणीच्या बहिणीकडं, काशम्माकडं, नव्या घराची वास्तुशांत होती. शरणप्पांनी पांढरं धोतर नेसलं, रुद्राणी शेजारी बसली आणि मागच्या सीटवर सासूबाई पार्वतम्मा ऐसपैस बसल्या. पार्वतम्मांना कमी ऐकू यायचं. त्यांच्याशी बोलताना सगळं घर ओरडायचं, आणि त्या सगळ्या घराला, का कुजबुजता, असं विचारायच्या. रस्त्यावर धूळ फार म्हणून काचा वर करून घेतल्या. होटगीला जायला बाजारातून जायची काही गरज नव्हती. पण नवं यंत्र बसवलेली गाडी बोळातून काय न्यायची, म्हणून शरणप्पांनी ती बाजारात घातली.

रेडिओ लावला. आवाज नाही. तापायला वेळ लागतो, असं शरणप्पा म्हणाले. तेवढ्यात मागून पार्वतम्मा म्हणाल्या, "आज जावईबापू लई स्पष्ट बोललालेत बघ. शब्द न् शब्द ऐकू येलालाय."

सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदाच कौतुक केलं होतं. शरणप्पा सुखावले. बाहेर कुठंतरी कुणीतरी मोठ्यानं बोलतंय असं त्यांनाही वाटत होतं, पण बाजारात सिनेमाच्या जाहिरातीचा टांगा रोज फिरायचा, तोच मागं असणार.

बाजार सावकाश सरकत होता. आज लोक गाडीकडं जरा जास्तच बघत होते. काही तर दुकानाच्या पायऱ्या उतरून खाली आले होते.

"बघ, कसे बघलालेत," शरणप्पा रुद्राणीला म्हणाले. "पोटात दुखतंय त्यांच्या."

मग व्यापारी संघाचे अध्यक्ष, कापडवाले रुद्रप्पा दिसले. शरणप्पांनी स्टिअरिंगवरचा एक हात कपाळाला लावून अदबीनं नमस्कार केला, आणि ओठ न हलवता बायकोला सांगितलं, की हा माणूस झोपतानासुद्धा टोपी काढत नाही, कारण खाली एक केस शिल्लक नाही. पुढं खाजाभाई आपल्या हॉटेलच्या दारात उभे होते. त्यांनाही हसून हात केला आणि सांगितलं, की यांच्या चहाला दूध नुसतं लांबून दाखवतात. मग नबीसाबांचं दुकान आलं. नबीसाब दोन्ही हात वर करून काहीतरी खुणा करत होते.

"बसवलं म्हणून आनंद झालाय त्याला," शरणप्पा म्हणाले. "माणूस बरा हाय. पण मंडपाला त्याच्या इतकी भोकं, की नवरदेवाला उन्हाची फोडणी बसते."

पार्वतम्मा मागं मनापासून हसल्या. नबीसाब आत पळाले आणि सायकल घेऊन बाहेर आले. आरशात ते दिसत होते. निरोप द्यायला यावं इतका जीव लावतो हा, असं शरणप्पांना वाटलं.

बाजार संपता संपता एक दुकान होतं. त्याच्याकडं शरणप्पा कधी बघत नसत. ते त्यांच्या थोरल्या भावाचं, सिद्धप्पांचं. वडील गेल्यावर दोघांच्यात वाटणी झाली. दुकान, माल, घर, सगळं गोडीनं वाटलं गेलं, पण वडिलांची बसायची गादी कुणी ठेवायची यावरून जे बिनसलं ते बिनसलंच. पुढं ती गादी उंदरांनी खाल्ली. भांडण मात्र चांगलं टिकलं होतं. दोघं भाऊ एका बाजारात रोज समोरासमोर यायचे आणि दोघांनाही नेमकं तेव्हाच आभाळात काहीतरी दिसायचं.

आजही शरणप्पांनी नजर सरळ रस्त्यावर ठेवली. दुकान ओलांडता ओलांडता मात्र त्यांचा आवाज खाली आला.

"अण्णा लई वाळलाय गं. वहिनी गेल्यापासनं नीट जेवतोय का न्हाय, कुणास ठाऊक."

रुद्राणीनं त्यांच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत हे नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

"जाऊन एकदा विचारावं वाटतं," ते म्हणाले. "पण मीच का आधी बोलायचं? थोरला तो हाय की."

शरणप्पांनी घसा साफ केला, आणि मागून तो सिनेमाचा टांगाही खाकरला.

गावाबाहेर रेल्वेचं फाटक बंद होतं. ट्रक, बैलगाड्या, सायकली, शेंगा विकणाऱ्या बायका, चांगलीच गर्दी होती. शरणप्पांनी गाडी थांबवली. इंजिन बंद झालं, आणि त्या शांततेत ते म्हणाले, "आता लागेल बघ रेडिओ."

आता लागेल बघ रेडिओ, असं सगळं फाटक दणाणलं. एका बैलानं मान वळवून बघितलं.

शरणप्पा गप्प झाले. बाहेरचा आवाजही गप्प झाला. त्यांनी हळूच "हॅलो" म्हणून बघितलं. तितक्यात घामानं निथळलेले नबीसाब सायकल टाकून खिडकीशी आले. शरणप्पांनी काच खाली केली.

"सेठ, पयले तोंड बंद करा," नबीसाब म्हणाले, आणि तेही साऱ्या फाटकानं ऐकलं.

मग त्यांनी खिडकीत डोकं घालून काय झालं ते सांगितलं. ते रिकामं भोक माइकचं होतं. त्याला जोडला की जुना स्पीकरच माइक होऊन बसतो. गाडीत बोललेला शब्द न् शब्द डिकीतून अख्ख्या बाजारानं ऐकला होता. हा सगळा खुलासाही कर्ण्यातून झाला. शेंगावाल्या बायकांना एक अक्षर परत विचारावं लागलं नाही. रुद्राणीनं खाली वाकून हाताला आली ती वायर ओढली.

आता फक्त रुळांवरून येणारी मालगाडी ऐकू येत होती. शरणप्पा बाजार मनातल्या मनात पुन्हा उलटा चालत गेले. टोपी. चहा. मंडप. मग एका ठिकाणी येऊन थांबले.

"आणि अण्णा?" त्यांनी विचारलं.

नबीसाबांनी चेहरा पुसला. "सिद्धप्पासेठ तराजू हातात धरून तसेच उभे होते. गिऱ्हाईक डाळ मागत होतं, त्यांना ऐकूच येत नव्हतं."

होटगीच्या वास्तुशांतीत शरणप्पा चार घास खाऊन कोपऱ्यात बसून राहिले. काशम्मानं भावजींची तब्येत बरी नाही का, म्हणून विचारलं. पार्वतम्मांनी तिला सांगितलं, की येताना चांगले बोलत होते, आता पुन्हा कुजबुजायला लागलेत. परतताना शरणप्पांनी गाडी बाजाराला लांबून वळसा घालून, बोळाबोळातून घरी आणली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडणं भागच होतं. सगळ्यात आधी खाजाभाईंनी एक पेला पाठवला. त्यात नुसतं दूध होतं, चहाचा थेंबही नव्हता. मग रुद्रप्पा स्वतः आले, टोपी काढून डोकं पुढं केलं आणि कानामागची पांढरी झालर बोटानं उचलून, हे काय हाय मग, एवढंच विचारलं. शरणप्पांनी दोन्ही कान धरले. रुद्रप्पांनी टोपी घातली आणि जाता जाता पायरीवर त्यांना हसू फुटलं, ते बाजारभर पसरलं.

दुपारी गर्दी ओसरल्यावर दारात सावली पडली. सिद्धप्पा उभे होते. शरणप्पा उठायला गेले तर मांडीवरची चाळणी खाली पडून तूरडाळ सगळीकडं सांडली. सिद्धप्पा आत आले, पोत्यावर बसले आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "जेवतोय की मी नीट."

"व्हय का," शरणप्पा म्हणाले.

"व्हय. पण एकट्याला भाकरी उतरत न्हाय घशाखाली."

शरणप्पा बराच वेळ डाळ गोळा करत राहिले. सिद्धप्पाही खाली बसून गोळा करायला लागले. शेवटी मान खाली घालूनच शरणप्पांनी, आज रात्री रुद्राणी शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी करणार आहे, असं सांगितलं. तिला अजून ते माहीत नव्हतं. सिद्धप्पा म्हणाले, बघतो. आणि दिवे लागायच्या आधीच येऊन बसले.

त्याच आठवड्यात नबीसाबांनी अंगणात येऊन कर्णा काढला, मागं दोन गोल स्पीकर बसवले आणि वायरी जिथल्या तिथं लावून दिल्या. शरणप्पा हात मागं बांधून उभे होते आणि एकदाही मध्ये बोलले नाहीत. रेडिओ असा सुरेख वाजला, की शेजारच्या बायका कुंपणाशी आल्या.

पुढच्या रविवारी दोघं भाऊ गाडीनं होटगीला निघाले. शरणप्पांनी ऐटीत बटण फिरवलं. सनई सुरू झाली. शरणप्पा भावाच्या तोंडाकडं बघत राहिले.

सिद्धप्पांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं. मग हात पुढं करून रेडिओ बंद केला.

"कशाला ती कटकट," ते म्हणाले. "जरा बोलू की."

आणि फाटकावरून जायचं की नव्या रस्त्यानं, यावरून दोघं भाऊ होटगी येईपर्यंत भांडत गेले.