आबासाहेबांचं लग्न

निमकरांसमोर कुणाला 'गेंड्याच्या कातडीचा' म्हणायची सोय नव्हती. दिल्लीतल्या द्वारकेहून आम्हा सरकारी बाबूंना ऑफिसला नेणाऱ्या चार्टर्ड बसमध्ये एकदा शर्माजी आपल्या साहेबाबद्दल म्हणाले, "गैंडे की खाल है उसकी." पुढच्या सीटवरून निमकर उठले. चालत्या बसमध्ये दांडा धरून, वळून म्हणाले, "शर्माजी, गैंडे की खाल बहुत नाज़ुक होती है. मक्खी बैठे तो परेशान हो जाता है. अपने साहब की तुलना किसी और से कीजिए." बस धौलाकुआँला पोचेपर्यंत शर्माजी दुसरा प्राणी शोधत होते.

निमकर आमच्या वरच्या मजल्यावर राहत. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. तेव्हा आमच्या सोसायटीत पाणी टँकरने यायचं, आजूबाजूला नुसती धूळ, आणि त्या धुळीत लोक शेअर्स, केबल आणि नवीन मारुतीबद्दल बोलायचे. निमकर गेंड्याबद्दल बोलायचे. कुणी गाडी घेतली की पेढा खाता खाता विचारायचे, "चिखलातून जाते का?"

तरुणपणी त्यांची बदली आसामात झाली होती. तिथे एका पहाटे उंच गवतातून जंगली गेंडा बाहेर आला, पाठीवर मैना घेऊन त्यांच्या जीपसमोरून रस्ता ओलांडून गेला. "काय चाल होती!" निमकर सांगत. "एवढा मोठा देह, पण कुठल्याही मीटिंगला जायचं नव्हतं त्याला."

दिल्लीला आल्यापासून दर रविवारी ते प्राणिसंग्रहालयात जात. तिथल्या एकुलत्या एक गेंड्याला त्यांनी 'आबासाहेब' नाव दिलं होतं. कठड्याशी उभं राहून ते हाक मारत आणि आबासाहेब खरोखरच कान फिरवून जवळ येत. एकदा आबासाहेबांनी खाणं सोडल्याचं कळलं, तर निमकरांनी रजेच्या अर्जात कारण लिहिलं, 'गेंडा आजारी.' साहेबांनी बोलावून घेतलं. "निमकर साहब, गैंडा आपका रिश्तेदार नहीं है."

"अभी तक नहीं, सर," निमकर म्हणाले.

रजा मिळाली.

आबासाहेब एकटे आहेत, हे निमकरांना सहन होईना. त्यांनी अर्ज सुरू केले. 'विषय : गेंड्यास सहचारिणी मिळणेबाबत.' मसुदा मला वाचून दाखवायचे. एका अर्जात तर त्यांनी 'वर सुस्वभावी असून शाकाहारी आहे' असं घातलं होतं.

माझी बायको म्हणाली, "स्वतःचं राहून गेलं, आणि गेंड्याचं जमवतायत."

मी एकदा म्हटलं, "अहो, पण गेंडा जंगलातही एकटाच राहतो ना?"

"ते एकटं राहणं वेगळं," निमकर म्हणाले. "तिथे दुपारी डबक्यावर चार जण भेटतात. तासभर एका चिखलात बसतात आणि आपापल्या वाटेने जातात. इथे याला कोण भेटतं?"

दोन वर्षं अर्ज गेले. मग एका दुसऱ्या प्राणिसंग्रहालयातून मादी आली. ती आल्यावर आठवड्याने निमकरांना पत्र मिळालं : आपला अर्ज विचाराधीन आहे.

त्या रविवारी ते आम्हा तिघांनाही घेऊन गेले. मी, बायको आणि आमची आठ वर्षांची मृणाल. निमकर सुटाबुटात. बायकोने गंमत म्हणून ओटीचा नारळ घेतला होता. रखवालदार घाईने म्हणाला, "मैडम, नारियल अंदर मत फेंकना, खा जाएगी."

दोघांच्या मधे जाड लोखंडी गज होते. ओळख होईपर्यंत तसंच ठेवतात म्हणे. मादी आमच्याकडे आणि आबासाहेबांकडे, सगळ्यांकडेच पाठ करून उभी होती. एक तास गेला. दुसरा गेला.

"काका, ती गुस्सा आहे का?" मृणालने विचारलं.

"गुस्सा नाही, राग. आणि राग नाही, संकोच."

मग आबासाहेब चालत गजांपाशी गेले, नाक टेकवलं आणि फुस्सकन श्वास सोडला. मादी वळली नाही. फक्त तिचा एक कान मागे फिरला.

"जमलं!" निमकर इतक्या जोरात ओरडले, की शेजारची शाळेची सहल घाबरून हरणांकडे पळाली. त्यांनी रखवालदाराला मिठी मारली. नारळ बाहेर दगडावर फोडून सगळ्यांना वाटला.

महिन्याभरात गज उघडले. दोघं एकाच चिखलात बसायला लागली, असं निमकरांनी जिन्यात थांबवून सांगितलं.

पुढच्या रविवारी मी गॅलरीत उभा होतो. निमकरांची बसची वेळ होऊन गेली तरी ते खाली उतरले नाहीत. मृणालला घेऊन मी वर गेलो. दार उघडंच होतं. निमकर खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, मांडीवर पाण्याची बाटली आणि पिशवी.

"निघालात?" मी विचारलं.

"नाही."

"मग हे बूट?"

त्यांनी बुटांकडे पाहिलं. "रविवार आहे ना."

मग हसून म्हणाले, "गेल्या खेपेला मी हाका मारल्या. पाच-सहा. आबासाहेबांनी कानसुद्धा हलवला नाही. चांगलं झालं. हेच तर हवं होतं आपल्याला."

मृणालने त्यांच्या मांडीवरची पिशवी उचलून खांद्याला लावली. "चलो काका, आमच्याकडे पोहे आहेत."

ते लगेच उठले, दाराला कुलूप घातलं. दोन वर्षं या माणसाचे अर्ज मी ऐकत होतो, पण त्यांना एकदाही घरी खायला बोलावलं नव्हतं, हे तेव्हा जिन्यात माझ्या लक्षात आलं.

एका मजल्याचा जिना. तेवढ्यात निमकरांनी मला तीनदा विचारलं, "वहिनींना चालेल ना?"